शाळेच्या पोरांचं कंपोस्ट: घ्याच, पण पावसाळ्यात बघून घ्या

आमच्या बेळगावात वडगाव साइडला एका मराठी शाळेत शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठवी-नववीची पोरं गेटच्या आत टेबल टाकून बसतात, स्वतः केलेलं कंपोस्ट आणि थोडी रोपं विकायला. बोर्ड मराठी-कन्नड दोन्हीत आहे, त्यामुळे आजूबाजूचे सगळेच नेतात. माझ्या टेरेसवरचा मोगरा, मिरची, कढीपत्ता आता याच खतावर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

खत एक नंबर. काळपट, भुसभुशीत, घाण वास अजिबात नाही. बाहेरच्या पॅकेटात बऱ्याचदा निम्मी मातीच निघते, इथं तसं नाही. पण मला त्याहून आवडलं ते म्हणजे पोरांना काहीही विचारा, उत्तर येतं. एका मुलीनं "काकू, या की इकडं" म्हणून मागच्या शेडमध्ये नेलं, ढिगात खुपसलेली लोखंडी सळी ओढून काढली आणि म्हणाली हात लावा, चांगलाच चटका बसला. आत ५५-६० डिग्री झालं तरच तणाचं बी आणि रोगाचे जंतू मरतात, सळी गार लागायला लागली की ढीग पालटायचा, आत हवा गेली की परत तापतो, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. ओला कचरा म्हणजे दुपारच्या जेवणाच्या भाज्यांची सालं-देठं, आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट वाळका पाला. पाला कमी पडला की नायट्रोजन जास्त होतो, अमोनियाचा वास सुटतो, हे नववीतला पोरगा फावडं हातात घेऊन सांगतोय! आणि हा पाला आधी रोज सकाळी पेटवायचे, सगळ्या गल्लीत धूर. तो बंद झाला, माझ्या मते हेच सगळ्यात मोठं काम. ५ जूनला झाड लावायचं, फोटो काढायचा आणि नंतर पाणी कुणी घालायचं नाही, असले कार्यक्रम लई बघितलेत, हे तसलं नाही.

तक्रारी पण आहेत. आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे, शेडला पत्रा आहे पण बाजूनं झड आत येते, ढीग भिजतो आणि विकतात किलोवर, म्हणजे पाण्याचे पण पैसे जातात. डब्याच्या मापानं द्या असं मी सरांना सांगितलंय. एका गोणीत चाळायचं राहिलं होतं, आंब्याच्या कोयी आणि शॅम्पूच्या पाकिटाचे तुकडे निघाले. कर्नाटकात प्लास्टिक पिशव्या २०१६ पासून बंद, गिऱ्हाइकाला आपली पिशवी आणायला लावतात हे बरोबरच आहे, मग रोपं काळ्या प्लास्टिकात कशाला, करवंट्यात लावता येतात की.

खरी अडचण एप्रिल-मेच्या सुट्टीची. तेव्हा पालटायला कुणी नसतं, ढीग वाळून तसाच पडतो, त्यामुळे जूनमधलं खत अर्धवट कच्चं असतं. पालकांनी आळीपाळीनं पाणी आणि फावडं मारलं तर हे सहज सुटेल, मी यायला तयार आहे. तोवर जूनमध्ये घेतलंत तर आधी एका कुंडीत थोडी मेथी पेरून बघा, नीट उगवली आणि पिवळी पडली नाही तर खत तयार आहे समजा. ही युक्ती पण पोरांनीच शिकवली.

५ पैकी ४. तासाभरात संपतं, गोणी आपली न्या, सुट्टे पैसे ठेवा.