लातूरची सुशीला: नवं हॉटेल की गंजगोलाईचा गाडा?

रविवारी आईला घेऊन नव्या हॉटेलात गेलो. सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता, आली पाऊण तासाने, तीही लगदा होऊन. मुरमुरे पाण्यातून काढून लगेच पिळायचे असतात; इथे ते भिजतच पडले असावेत. डाळव्याचं कूट नाही, मिरची नावाला. आईने अर्धी प्लेट तशीच ठेवली, याचं मला फार वाईट वाटलं.

गंजगोलाई बाजारपेठेजवळच्या गाड्यावर बसायला जागा नाही, धूळ उडते. पण फोडणी डोळ्यांसमोर पडते, मुरमुरा मऊ असूनही सुटा राहतो. वरून कूट, कोथिंबीर, लिंबू, सोबत गरम भजे.

नव्या ठिकाणी खुर्च्या आणि स्वच्छतागृह चांगलं. वयस्कर माणसांना ते लागतंच. तरी पुढच्या रविवारी आईसाठी गाड्यावरूनच डबा भरून आणणार.