इलिएए: रोप उत्तम, पाटी अपुरी

हवाईतल्या ओआहू बेटाच्या कोरड्या बाजूला, एवाच्या सपाटीवर आमचे घर आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे आपला बहुतेक पाऊस डोंगरांच्या पलीकडेच रिता करतात. आमच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर येतो आणि त्यातही जमीन म्हणजे जुना प्रवाळखडक व त्यावर मातीचा पातळ थर. अशा अंगणात विकतची हिरवळ जगवण्याचा नाद तीन उन्हाळ्यांनंतर सोडला आणि हवाईच्या मूळ वनस्पतींच्या एका छोट्या रोपवाटिकेतून इलिएएची सहा रोपे आणली. चार इंची कुंडीला आठ डॉलर पडले. त्याला आता दीड वर्ष झाले असल्यामुळे रोप आणि रोपवाटिका या दोहोंविषयी काही खात्रीने लिहिता येईल.

इलिएए म्हणजे आपला पांढरा चित्रक. हे मला कुंडीवरच्या पाटीवरून नव्हे, तर फुलावरून कळले. फूल पाच पाकळ्यांचे, पांढरे, लांब नळीचे असते आणि नळीला धरून असलेल्या हिरव्या पेल्यावर देठ असलेल्या बारीक ग्रंथी असतात. त्या इतक्या चिकट असतात की बोट लावले तर फूल बोटाबरोबरच येते. याच चिकटपणामुळे त्याचे बी पक्ष्यांच्या पिसांना धरून दूरवर गेले असावे, असे मानले जाते. हळद आणि अळू या बेटांवर माणसांच्या होड्यांतून आले, चित्रक मात्र माणसाआधीच पोहोचला होता. त्यामुळे तो इथला मूळचा खरा, पण प्रदेशनिष्ठ नव्हे, कारण तो भारतासह उष्णकटिबंधात इतरत्रही आपणहून वाढतो. खरेदी करताना एक काळजी घ्यावी. दक्षिण आफ्रिकेचा निळा प्लंबॅगो इथे सर्रास विकला जातो आणि त्याचीही पांढऱ्या फुलांची जात मिळते. तिच्या पाकळ्या मोठ्या असतात आणि चिकट ग्रंथी पेल्याच्या वरच्या भागातच असतात. इलिएएच्या पेल्यावर त्या तळापासून टोकापर्यंत असतात. माझी सहाही रोपे अस्सल निघाली, याचे श्रेय रोपवाटिकेला दिलेच पाहिजे.

‘निगा जवळजवळ नाही’ असे पाटीवर होते. पहिल्या वर्षाबद्दल ते खरे नाही. पहिले दोन महिने मी आठवड्यातून दोनदा, पुढचे चार महिने आठवड्यातून एकदा पाणी घातले आणि मध्ये दहा दिवस बाहेरगावी गेलो, तेवढ्यात कडेच्या रोपाने पाने टाकली. ते मेले नाही, बुंध्यातून पुन्हा फुटले, पण हा धक्का त्याला टाळता आला असता. मुळे खडकाच्या फटींत उतरल्यावर मात्र चित्र पालटले. मागच्या उन्हाळ्यात महिन्यातून एखादे पाणी पुरले, खत काहीच दिले नाही. दोन रोपांमध्ये साठ सेंटिमीटर अंतर ठेवले होते; आता त्यांच्या फांद्या एकमेकींवर टेकल्या आहेत आणि गुडघ्याएवढ्या उंचीचे सलग आच्छादन तयार झाले आहे. प्लुमेरियाच्या, म्हणजे चाफ्याच्या, सावलीतली दोन रोपे उन्हातल्या चारांपेक्षा गडद आणि मोठ्या पानांची आहेत, त्यामुळे पाटीवरचे ‘पूर्ण ऊन’ हेही अर्धेच खरे मानावे.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. वर्षभराने फांद्या वाटेवर येऊ लागल्या, तेव्हा मी कात्री घेऊन उघड्या हातांनी छाटणी केली आणि कडेचे एक रोप मुळासकट उपटून सरकवले. दुसऱ्या दिवशी मनगटावर लालसर पट्टा उठला, तिसऱ्या दिवशी त्यावर फोड आले आणि तो डाग जायला महिना लागला. या वनस्पतीत, विशेषतः मुळांत, प्लंबॅजिन नावाचे दाहक द्रव्य असते. जुन्या निघंटूंनी चित्रकाला अग्नीचीच नावे दिली, वैद्यही त्याचे मूळ चुन्याच्या निवळीत शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत आणि हवाईच्या लोकांनी त्याच्या रसाने गोंदण काळे केले, म्हणजे तो रस त्वचेला काय करतो हे सगळ्यांना ठाऊक होते. फक्त पाटी लिहिणाऱ्याला नव्हते. जिथे मुले किंवा पाळीव जनावरे खेळतात, तिथल्या वाटेच्या कडेला हे रोप लावू नये, आणि छाटताना हातमोजे व लांब बाह्या हव्यातच. काउंटरवरच्या मुलीला मी हे सांगितले तेव्हा तिने मनापासून ऐकून घेतले, तरी पुढच्या खेपेला पाटी तशीच होती.

कुंड्यांबाबतही एक गोष्ट सांगावीशी वाटते. सहांपैकी दोन रोपे फार दिवस त्याच कुंडीत राहिलेली होती. मुळांनी तळाशी गोल वेटोळी घातली होती आणि ती मला सोडवून घ्यावी लागली. मुंग्यांची चाचणी मात्र रोपवाटिकेवर विसंबून न राहता स्वतः करावी. १९९९ मध्ये हवाई बेटावर सापडलेली छोटी अग्निमुंगी कुंड्यांतूनच बेटाबेटांवर पसरते. चॉपस्टिकला शेंगदाण्याच्या लोण्याचा अगदी पातळ थर लावून ती सावलीत तासभर कुंडीत ठेवली की, मुंग्या असल्यास त्या दिसतात; त्या तांबूस आणि जेमतेम दीड मिलिमीटर लांबीच्या असतात. माझ्या सहाही कुंड्या स्वच्छ निघाल्या.

एवढे लिहूनही मी हेच रोप पुन्हा घेणार आहे, कारण या खडकावर दुसरे कशानेही इतके कमी मागून इतके हिरवे राहून दाखवलेले नाही. मागच्या भिंतीलगत आठ रोपे बसतील. त्यांपैकी चार माझ्याच छाटलेल्या फांद्यांपासून करीन, कारण छाट सहज मुळे धरतो. उरलेली चार त्याच रोपवाटिकेतून घेईन, पण प्रत्येक कुंडी उलटी करून मुळे पाहिल्यानंतरच.