अंगणात आडवा पसरणारा गुलाब: सोळा महिन्यांचा अनुभव

सांगलीतल्या विश्रामबागेतील आमच्या घरासमोर, फाटकापासून ओट्यापर्यंत, बारा फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशी मातीची एक पट्टी आहे. तिच्यावर हिरवळ टिकत नव्हती आणि त्याआधी लावलेले टपोऱ्या फुलांचे कलमी गुलाब पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी फवारणी मागत होते. म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये गावाबाहेरच्या एका रोपवाटिकेतून जमिनीलगत पसरणाऱ्या गुलाबाची सहा रोपे प्रत्येकी १८० रुपयांना आणली. पिशवीला अडकवलेल्या चिठ्ठीवर जातीचे नाव नव्हते, ‘कार्पेट गुलाब, देखभाल नको’ एवढेच होते. यातला दुसरा दावा निम्मा खरा निघाला.

या प्रकारच्या गुलाबांची कीर्ती उगाच झालेली नाही. १९३२ साली इंग्लंडमध्ये आलेली ‘द फेअरी’ ही बारीक गुलाबी फुलांच्या घोसांची जात आजही लावली जाते, तर जर्मनीच्या नोआक यांनी १९८८ मध्ये आणलेली ‘हाइडेट्राउम’ पुढे ‘फ्लॉवर कार्पेट’ या नावाने जगभर विकली गेली. उंची दोन-अडीच फुटांच्या आत, पसारा त्याहून जास्त, पाने लहान व तकतकीत आणि रोगांना दाद न देण्याचा स्वभाव, ही या गटाची ओळख. माझी रोपे दिसायला ‘द फेअरी’च्या जवळची आहेत, पण चिठ्ठीवर नाव नसल्यामुळे तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि १८० रुपये मोजल्यावर जातीचे नाव कळावे एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

फवारणीच्या बाबतीत मात्र रोपांनी शब्द पाळला. गुलाबाच्या पानांवरील काळ्या ठिपक्यांची बुरशी पान काही तास सलग ओले राहिले की रुजते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पान कोरडे राहते ते केव्हा, हाच प्रश्न असतो. दोन्ही पावसाळ्यांत खालच्या पानांवर थोडे ठिपके आले, काही पाने पिवळी पडून गळली, पण नवी पालवी थांबली नाही आणि बुरशीनाशकाची बाटली उघडावी लागली नाही. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांशी ज्यांचा संबंध आहे त्यांना भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी पसरणारी बुरशी, सांगायला नको. ती थंडीत दोन शेंड्यांवर दिसली, ते शेंडे खुडून टाकले, विषय संपला. छाटणीही सोपी आहे. फांदीवरचे डोळे, म्हणजे फुटव्याच्या जागा, मोजत बसण्याची गरज नाही. द्राक्षबागांमध्ये ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की आम्हीही कुंपण कापायची मोठी कात्री घेऊन वरचा एक तृतीयांश भाग सरसकट कापतो, दहा मिनिटांचे काम. गेल्या वर्षी त्यानंतर सुमारे दीड महिन्यात पट्टी फुलांनी भरली होती.

आता उरलेला निम्मा भाग. पसरणारा गुलाब तण दाबतो असे सांगितले जाते आणि हरळीपुरते ते बऱ्याच अंशी पटते, पण लव्हाळ्याला ते कोणी कळवलेले नाही. पहिल्या वर्षी फांद्या एकमेकींना भिडेपर्यंत मधल्या उघड्या जागेत तो सुईसारखा वर येतच राहिला आणि काटेरी फांद्यांखाली हात घालून त्याची गाठ उपसताना मनगटावर जे ओरखडे उठले, ते आठवले की ‘देखभाल नको’ हे शब्द वाचवत नाहीत. शेवटी शेजारच्या मळ्यातून उसाचे पाचट आणून तीन इंच जाडीचे आच्छादन केले, तेव्हा खुरपणी महिन्यातून एकदा करण्यावर आली. ज्यांना हा गुलाब लावायचा आहे त्यांनी पाचट पहिल्याच दिवशी पसरावे. मी सात महिने उशीर केला.

दुसरी अडचण आपल्या काळ्या मातीची. ती पाणी धरून ठेवते आणि गुलाबाच्या मुळांना नेमके तेच चालत नाही. चार रोपांच्या जागी दीड फूट खणून मुरूम व शेणखत मिसळले आणि गादी सहा इंच उंच केली. उरलेली दोन कंटाळा करून तशीच लावली. त्यांपैकी एक पहिल्याच श्रावणात कुजले. एप्रिल-मेच्या उन्हात फुले आकाराने निम्मी आणि रंगाने फिकट होतात, लाल कोळी पानांखाली जाळी विणतो. पण पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारला की तो आटोक्यात राहतो.

दुसऱ्या कंटाळलेल्या रोपाची कथा निराळी. ते जोमाने वाढले, पण आडवे न वाढता सरळ वर गेले, पानेही वेगळी. वाकून पाहिले तर डोळा भरलेल्या गाठीच्या खालून, म्हणजे ज्या गावठी गुलाबावर कलम बांधले होते त्या खुंटावरून, फुटवे आले होते आणि वरचे कलम वाळून गेले होते. रोपवाटिकेने कुरकुर न करता रोप बदलून दिले, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. मात्र छाट कलमाची, स्वतःच्या मुळांवरची रोपे त्यांच्याकडे मागच्या बाजूला होती आणि ती मागितल्याशिवाय दाखवली जात नाहीत, हे तेव्हा कळले. जमिनीलगतच्या झुडपात खालचे फुटवे वेळीच दिसत नाहीत, त्यामुळे या गुलाबासाठी छाट कलमच घ्यावे.

आईचे मत अजून पूर्ण अनुकूल नाही. “इतकं दाट वाढलंय, खाली जनावर बसलं तर कळणार कसं?” हा तिचा पहिला आक्षेप असल्यामुळे ओट्यालगतच्या फांद्या आम्ही वीतभर उचलून कापतो. वास जवळजवळ नाही, देठ आखूड, म्हणून फुलदाणीत हे फूल निरुपयोगी. तरीही देवपूजेसाठी ती रोज सकाळी एक अख्खा घोस खुडते आणि दुपारी देव्हाऱ्यासमोर पडलेल्या पाकळ्या वेचताना गुलाबाला पुन्हा नावे ठेवते.