मेच्या सुट्टीत आधी कोणतं: 'कोसला' की 'स्मृतिचित्रे'?

सुट्टीत वाचून परीक्षण लिहायचं ठरवलं असेल, तर एक कादंबरी आणि एक आत्मचरित्र घ्यावं. माझी जोडी ठरलेली आहे.

'कोसला' 1963 ची. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीत होते. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला येतो आणि हरून परततो, कथानक एवढंच. त्यामुळे परीक्षणात गोष्ट सांगत बसू नका, भाषेबद्दल लिहा. धाकटी बहीण मनी जाते, तिथे त्याचा तिरकस सूर कसा मोडतो, ती पानं दोनदा वाचा.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ची परीक्षा वेगळी. इथे माणसं खरी आहेत. म्हणून बाई काय सांगतात, कुठे हात आखडता घेतात, हे बघावं लागतं. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवायचं! घर पिळून काढणारा हा जाच त्या हसत सांगतात, पण वडिलांना खलनायक करत नाहीत. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई 1900 मध्ये. मधल्या पाच वर्षांत त्यांचं मन कसं बदलत गेलं, यावरच अख्खं परीक्षण लिहिता येईल. शिक्षण जेमतेम, तरी वाक्य कुठे अडखळत नाही. मला हे पुस्तक मराठी गद्याचं वैभव वाटतं.

वेळ कमी असेल तर 'स्मृतिचित्रे'च घ्या. कॉलेजात असाल तर मात्र 'कोसला' आधी. त्या वयात ती जशी भिडते तशी नंतर भिडत नाही.