रणगाड्याजवळ सेल्फी काढा, पण मागची भिंत वाचून या (५ पैकी ४ स्टार)

नवी मुंबईत गार्डनला तोटा नाही, दर दोन सेक्टरमागे एक आहेच आणि सगळीकडे तेच ते, जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, घसरगुंडी आणि 'फुले तोडू नयेत'. आमच्याकडचं पामबीच रोडच्या आतल्या अंगाचं शहीद स्मारक उद्यान मात्र खरंच वेगळं बनवलंय म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण लोक येतात, रणगाड्यापुढे फोटो काढतात, पोरांना झोके देतात आणि निघून जातात, आतलं खरं बघायचं तसंच राहतं.

आधी रणगाडाच घेऊ, कारण गेटमधून आत शिरलं की तोच समोर येतो. टी-५५ आहे, सोव्हिएत बनावटीचा, ३६ टन वजन, १०० मिलिमीटरची तोफ. पुण्याला खडकीत लष्कराचा रणगाड्यांचा मोठा डेपो आहे, सेवेतून काढलेले असे रणगाडे तिथून गावोगावच्या चौकात आणि बागेत जातात. सगळी झाकणं वेल्डिंग करून बंद, त्यामुळे आत डोकावता येत नाही, आणि चौथऱ्यावरचा बोर्ड म्हणजे नाव, वजन, वेग, विषय संपला. पण रविवारी सकाळी गेलात तर तिथे बहुतेक वेळा एक रिटायर्ड सुभेदार असतात, जवळच राहतात, कोणी नेमलेलं नाही, स्वतःहून येऊन सांगत उभे राहतात. परवा एका पोराने विचारलं, "आजोबा, ह्याच्यात एसी असतो का?" तर म्हणाले, "एसी? अरे बाळा, मे महिन्यात लोखंडाला हात लावून बघ, मग सांग मला." मग त्यांनी समजावलं की आत चार माणसं, ड्रायव्हर पुढे डावीकडे खाली, वर बुरुजात गनर आणि त्याच्या मागे कमांडर हे दोघं तोफेच्या डाव्या अंगाला, आणि उजवीकडे एकटा लोडर, त्या बिचाऱ्याला एवढा जड गोळा डाव्या हाताने रेटायला लागायचा. हे बोर्डवर लिहायला काय हरकत होती? पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती.

आता भिंत. ही रणगाड्याच्या मागे, करंजाच्या झाडांच्या पलीकडे आहे आणि माझ्या मते अख्ख्या उद्यानातली सगळ्यात विचार करून केलेली गोष्ट आहे. काळा ग्रॅनाइट, नावं हुद्द्याप्रमाणे नाही तर वर्षाप्रमाणे, १९६२, १९६५, १९७१, कारगिल, मग नंतरची काश्मीरमधली. आणि प्रत्येक नावाखाली गाव आणि तालुका, तेही नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात. हुद्दा बारीक आहे. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला नवी मुंबई कळलेली आहे. इथे मूळचे आगरी-कोळी सोडले तर सगळे कुठून ना कुठून आलेले, एपीएमसी मार्केटमुळे माथाडी आले, सातारा, जुन्नर, आंबेगाव, पाटण, मग कोकणातले, मग घाटावरचे. त्यामुळे इथे लोक भिंतीसमोर नाव शोधत नाहीत, आपला तालुका शोधतात. मी बघितलंय, एक बाई मैत्रिणीला हाक मारून सांगत होती, "अगं हे बघ, पाटणचे आहेत, आमच्या आत्याच्या गावाच्या शेजारचं गाव," आणि मग दोघी तिथेच बोलत बसल्या, की तिकडे प्रत्येक घरातला एक तरी मिलिट्रीत कसा असतोच.

हे एवढं कौतुकाने लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडची जुनी स्मारकं अगदी उलटी आहेत. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावोगाव दगडी पाट्या बसवल्या, अजून कित्येक ठिकाणी चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत दिसतात, ह्या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके गेले, त्यातले इतके कामी आले, बास. नुसता आकडा! साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, तिथले ४६ जण त्या युद्धात कामी आले असं सांगतात, त्यांच्यासाठीही इंग्रजांनी असंच स्मारक उभारलं. माणूस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जाऊन मरतो आणि गावच्या दगडावर एक अंक होतो. त्या हिशोबाने आमच्या भिंतीवर नाव, गाव, तालुका सगळं आहे ही साधी गोष्ट नाही.

पण भिंतीचीच हेळसांड पण सगळ्यात जास्त. अक्षरं कोरून त्यात सोनेरी रंग भरलेला, तो दोन पावसाळ्यातच निघायला लागला, इकडची खाडीची खारी हवा आणि त्यात पाऊस, दुसरं काय होणार. आता खालच्या रांगा सकाळच्या तिरक्या उन्हातच वाचता येतात, दुपारी सगळा ग्रॅनाइट आरशासारखा चमकतो आणि नावांऐवजी आपलंच तोंड दिसतं. रंग भरणं काही फार खर्चाचं काम नाही हो, आजूबाजूच्या सोसायट्या वर्गणी काढून करतील, परवानगी तेवढी द्या.

डावीकडच्या वळणावर परमवीर चक्राची गॅलरी आहे. एकूण २१ जणांना हे पदक मिळालंय, त्यातल्या १४ जणांना मरणोत्तर, सगळ्यांचे अर्धपुतळे आहेत. पुतळे फायबरचे आहेत आणि खरं सांगायचं तर चेहरे बरेचसे एकसारखेच वाटतात, मिशा तेवढ्या बदलल्यात. पण खालचा मजकूर चांगला आहे, कुणीतरी मन लावून लिहिलाय. राम राघोबा राणे यांचा नक्की वाचा, कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातले. एप्रिल १९४८ मध्ये जम्मूकडच्या नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढले, तेही जखमी असताना, रणगाड्याच्या आडोशाने सरपटत आणि ड्रायव्हरला दोरीने खुणा करत. बाहेर रणगाडा बघून मग हे वाचलं की तो रणगाडा पण वेगळा दिसायला लागतो. पोरांना ह्याच क्रमाने न्या.

आणि पदकाची मोठी प्रतिकृती आहे, चार वज्रं आणि जांभळी फीत, खाली लिहिलंय की डिझाईन सावित्रीबाई खानोलकरांचं. जन्म स्वित्झर्लंडमधला, मूळ नाव ईव्ह, लग्न विक्रम खानोलकर ह्या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी, आणि इथे येऊन संस्कृत, पुराणं सगळं शिकल्या. माझ्या सासूबाईंना हे इतकं आवडलं की घरी येणाऱ्या प्रत्येकाला आता सांगतात.

गॅलरीच्या शेवटी नाईक यशवंत घाडगे यांचं वेगळं पॅनेल ठेवलंय ते फार बरं केलं. माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीचे, जुलै १९४४ मध्ये इटलीत सोबतचे सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनवर धावून गेले, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, मरणोत्तर. वय २२. माणगावला त्यांचा पुतळा आहे, गोवा हायवेने जाताना आपण चहाला थांबतो त्याच माणगावात, आणि किती जणांनी बघितलाय?

एक चूक मात्र डोळ्यात खुपते. ह्याच गॅलरीत तुकाराम ओंबळे यांचा फोटो लावलाय आणि वर मथळा 'परमवीर'. ओंबळेंना अशोक चक्र आहे. परमवीर हे शत्रूसमोर लढताना दाखवलेल्या शौर्यासाठी आणि अशोक चक्र शांततेच्या काळातल्या शौर्यासाठीचं सर्वोच्च, दोन्ही आपापल्या जागी पहिलेच, पण वेगळे आहेत. गिरगाव चौपाटीवर २६/११ च्या रात्री हातात काठी असलेल्या माणसाने एके-४७ ची नळी धरून ठेवली, त्याचं पदक तरी नीट लिहा! तक्रार वहीत मी लिहिलंय, माझ्या आधी अजून दोघातिघांनी लिहिलेलं दिसलं, आणि वही तशीच टेबलावर पडलेली आहे.

बाकी अमर जवानची उलटी रायफल आणि वर हेल्मेट आहे, नेहमीसारखंच, ठीक आहे. उंच झेंडा आहे, रात्रीही फडकवायला परवानगी आहे त्यामुळे लाइट सोडतात, लांबून छान दिसतो, फक्त जूनच्या वाऱ्यात कडा फाटते तेव्हा लगेच बदलला पाहिजे, लगेच म्हणजे लगेच.

स्पीकर हा वेगळाच विषय. तीच चार देशभक्तीची गाणी फिरून फिरून, आणि स्पीकर कुठे, तर बरोब्बर भिंतीच्या डोक्यावर. त्यात सकाळी पलीकडच्या लॉनवर झुंबा. झुंबाला माझा विरोध नाही, उद्यान आहे, लोकांनी वापरायलाच पाहिजे, बंद कुलपातल्या स्मारकापेक्षा हे शंभर पटीने बरं, पण दोन्ही आवाज एकत्र आले की सुभेदार काकांना ओरडून बोलायला लागतं. प्री-वेडिंग शूटवाल्यांना मात्र वॉचमनदादा भिंतीजवळ फिरकू देत नाहीत, त्याबद्दल त्यांना एक एक्स्ट्रा स्टार.

जायचं असेल तर: एन्ट्री फ्री, दुपारी बंद असतं, संध्याकाळी चारनंतर परत उघडतं. स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते, 'रणगाडा' म्हटलं की पुरतं. गाडी आणू नका, रविवारी लावायला जागा नसते आणि टोइंगवाले तिथेच फिरत असतात. टॉयलेट आहे, लेडीज साईडची कडी लागत नाही. पिण्याच्या पाण्याचा कूलर चालू आहे. व्हीलचेअरसाठी रॅम्प भिंतीपर्यंत नीट आहे पण गॅलरीकडे तीन पायऱ्या येतात, म्हाताऱ्या माणसांना हात द्यावा लागतो. २६ जुलै (कारगिल विजय दिवस) आणि १६ डिसेंबरला (१९७१ चा विजय दिवस) कार्यक्रम, बँड, शाळांची पोरं, त्या दिवशी काही वाचायला मिळणार नाही. वाचायचं असेल तर साध्या रविवारी सकाळी सात-साडेसातला जा, तेव्हा ऊन भिंतीवर तिरकं असतं आणि स्पीकर आठनंतर लागतो.