बटाट्याच्या क्रॉसमध्ये नर कुठला घ्यायचा, टेट्राप्लॉइड की डिप्लॉइड?

क्रॉसिंगच्या सीझनआधी सगळे आईवरच डोकं लावतात, कंद कसा, साल कशी, आणि नराचं काय तर फूल उमललं की पराग झटकून घेतला, झालं! अहो, निम्मा खेळ तिथेच ठरतो.

आधी टेट्राप्लॉइड नर. लागवडीतला नेहमीचा बटाटा म्हणजे 12 गुणसूत्रांचे चार संच, एकूण 48, आणि परागात त्यातली 24 जातात. रोगप्रतिकाराचं जीन चारपैकी एकाच प्रतीवर असेल तर ढोबळमानाने निम्म्या परागकणांत येतं, दोन प्रतींवर असेल तर 6 पैकी 5 मध्ये. हिशोब सरळ आहे, नराचे कंद डोळ्यासमोर असतात, पिल्लंही बहुतेक वेळा ओळखीच्या वळणाची निघतात. पण त्या जातीत जमून आलेलं जीन्सचं कॉम्बिनेशन दर वेळी पिसल्या पत्त्यांसारखं विखुरतं, आणि बऱ्याच नावाजलेल्या जातींना धड पराग येतच नाही ही वेगळीच रड.

आता डिप्लॉइड. याच्यात 24 गुणसूत्रं, म्हणजे परागात 12 यायला हवीत, पण काही झाडांत मायोसिसच्या, म्हणजे पराग बनवणाऱ्या पेशीविभाजनाच्या, दुसऱ्या टप्प्यात गंमत होते. एरवी दोन स्पिंडल (गुणसूत्रं ओढून वेगळी करणाऱ्या धाग्यांच्या जुड्या) एकमेकींना तिरक्या असतात म्हणून चार कण वेगळे पडतात, इथे त्या समांतर राहतात, टोकं जवळ येतात आणि चाराऐवजी दोनच कण बनतात, प्रत्येकात पूर्ण 24. याला 2एन पराग म्हणतात, आणि समांतर स्पिंडलचा हा गुण रिसेसिव्ह जीनवर (दोन्ही प्रती तशाच असल्या तरच दिसणाऱ्या) चालतो असं मानतात. खरा फायदा असा की जोडीतल्या दोन्ही गुणसूत्रांची एकेक प्रत त्याच कणात येते, त्यामुळे बापाची हेटरोझायगॉसिटी (जोडीतल्या जीनच्या दोन प्रती वेगवेगळ्या असणं) साधारण 80 टक्के तशीच पुढे जाते. सेंट्रोमिअरजवळची (गुणसूत्राला स्पिंडल धरते त्या जागेजवळची) जीन्स तर जवळजवळ शाबूत, क्रॉसओव्हरचा (जोडीतल्या गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीचा) फटका टोकाकडच्यांना बसतो. जंगली नातेवाइकाकडून आणलेला प्रतिकार मुख्य बटाट्यात घालायचा असेल तर मला यापेक्षा बरी वाट दिसत नाही.

मग त्याच झाडाचे 12 वाले साधे कण घोळ घालत नाहीत का, असं विचाराल. बी भरायला एंडोस्पर्ममध्ये, म्हणजे बीमधल्या अन्नसाठ्यात, आई-बापाचं प्रमाण 2:1 लागतं, टेट्राप्लॉइड आईवर साधा कण पडला तर ते 4:1 होतं आणि बी बहुतेक मरतं, 2एन पडला तर जमतं. म्हणजे ट्रिप्लॉइडची (तीन संचांच्या पिल्लांची) छाननी आपोआप होते, पण फळागणिक बी कमी मिळतं, ते सहन करायचं.

डोकेदुखी दुसरीच आहे. 2एनचं प्रमाण तापमानावर आणि फुलागणिक हलतं, आज दिसलं म्हणून पुढच्या आठवड्यात दिसेलच असं नाही. शिवाय डिप्लॉइड नराचे कंद छोटे, उशिरा धरणारे असतील तर तेही पिल्लांत उतरतं.

एक गोष्ट दोन्हीकडे लागू, सायटोप्लाझम, म्हणजे पेशीतला केंद्रकाबाहेरचा भाग, आईचा येतो. तो टी नावाच्या प्रकारचा असेल तर काही क्रॉसमधली पिल्लं नर-वंध्य निघतात, म्हणजे पुढच्या पिढीत ती आई म्हणूनच वापरायची. हे आधी बघितलं नाही तर वंशावळ एकाच बाजूने अडकते.

थोड्या वर्षांत बाजारात चालेल अशी जात हवी, आणि दोन्ही पालक चांगले आहेत, तर टेट्राप्लॉइडच घ्या, उगाच हौस नको. नवीन जीन्स आणि जोम हवाय, हजारभर रोपं चाळायची तयारी आहे, तर डिप्लॉइड. आणि शुद्ध इनब्रेड लाइनच करायच्या असतील तर तो वेगळा रस्ता, तिथे सेल्फिंगसाठी, म्हणजे झाडाने स्वतःच्याच परागाने बी धरावं म्हणून, 12 व्या गुणसूत्रावरचं एसएलआय जीन लागतं.

डिप्लॉइड ठरवलात तर निदान तीन-चार वेगळ्या दिवसांच्या फुलांतला पराग अॅसिटोकार्मिन हा रंग लावून मायक्रोस्कोपखाली बघा. रंग धरलेल्या कणांत लहानांमध्ये मोठे, म्हणजे 2एन, ठळक दिसले पाहिजेत. सगळे एकाच मापाचे लहान असतील तर त्या झाडाच्या मागे लागू नका, दुसरं धरा.