विरंगुळा केंद्रातला संगणक आणि चार सर्च इंजिनं

नेरुळच्या आमच्या विरंगुळा केंद्रात दोन जुने संगणक आले. कुणाच्या तरी मुलाच्या ऑफिसातून निघालेले, पण धडधाकट. ते लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं आणि सेटिंग करताना मी विचारलं, शोधायला काय ठेवू? सचिव म्हणाले, "अहो, गुगलच ना! त्यात विचारायचं काय?"

विचारायला कारण होतं. आदल्याच आठवड्यात ग्रुपवर मेसेज फिरला होता: मोरबे धरणाच्या मुख्य जलवाहिनीचं काम, तीन दिवस पाणी नाही. सोबत बातमीचं कात्रण, तारखेची पट्टी सफाईनं कापलेली. दुपारपर्यंत आमच्या सोसायटीत बादल्या, पिंपं, एका घरी तर कुकरसुद्धा भरून झाला. संध्याकाळी नळाला रोजच्यासारखं पाणी आलं. गंमत म्हणजे आमच्या एका काकांनी पुढे पाठवण्याआधी तपासलं होतं. मेसेजमधलेच शब्द सर्चमध्ये टाकले, तीच जुनी बातमी वर आली, त्यांची खात्री पटली आणि त्यांनी आणखी चार ग्रुपना कळवलं.

काकांना हसू नका. डिसेंबर 2023 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका संशोधनात हेच दिसलं होतं. खोटी बातमी तपासायला लोक सर्च करतात, तेव्हा ती खरी वाटण्याची शक्यता उलट वाढते. ज्यांच्यासमोर सुमार दर्जाचे निकाल येतात त्यांच्यात जास्त. म्हणून कोणतं इंजिन काय वर आणतं, हे बघूनच ठरवायला हवं होतं. मी गुगल, बिंग, डकडकगो आणि ब्रेव्ह अशी चार घेतली आणि केंद्रात नेहमी विचारले जातात तेच प्रश्न चौघांना घातले.

आधी एक समजून घ्या. सर्च इंजिन खोटं सहसा पुसत नाही. कायद्यानं भाग पाडलं तर किंवा ठरावीक प्रकारचा मजकूर असेल तरच एखादं पान यादीतून जातं. एरवी ते फक्त खाली ढकललं जातं आणि भरवशाचं पान वर आणलं जातं. आता वर आणायला भरवशाचं पान असायला तर हवं! नोटाबंदीनंतरची 2000 च्या नोटेतली 'चिप' चारही ठिकाणी शोधली. चौघांनीही ती अफवा असल्याचं पहिल्या काही ओळींतच दाखवलं, कारण त्यावर ढिगानं लिहिलं गेलंय. मोरबेच्या पाण्याचं विचारलं तर चौघंही चाचपडले. अशा रिकाम्या जागेला 'डेटा व्हॉइड' म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या मायकेल गोलेबिएव्स्की यांनी 2018 मध्ये हा शब्द रूढ केला. इंग्रजीत व्हॉइड असतात तशी मराठीत पटांगणं आहेत.

गुगल

डिसेंबर 2016 मध्ये गुगलची चांगलीच नाचक्की झाली होती. ज्यूंचा नरसंहार खरंच झाला का, असं इंग्रजीत विचारलं की सगळ्यात वर एका नवनाझी साइटचं पान यायचं. एप्रिल 2017 मध्ये क्रमवारीत बदल झाले, शिवाय निकाल तपासणाऱ्या माणसांना दिलेल्या सूचना कडक केल्या गेल्या. ही माणसं हजारोंनी आहेत. त्यांनी कमी गुण दिले म्हणून एखादं पान थेट खाली जात नाही. यंत्रणा बरोबर चाललीय का, हे त्यांच्या गुणांवरून कळतं. आरोग्य आणि पैशाच्या विषयांना चाळणी जास्त बारीक असते. आमच्या केंद्रात निम्मे प्रश्न गुडघ्याचे आणि उरलेले मुदत ठेवींचे, त्यामुळे मला याचं महत्त्व वाटलं.

निकालाशेजारी तीन ठिपके असतात. त्यावर दाबलं की ती साइट कोणाची, तिच्याविषयी इतर काय म्हणतात ते कळतं. ही सोय 2021 पासूनची. 2024 मध्ये तिथूनच जुन्या पानांच्या संग्रहाकडे, म्हणजे वेबॅक मशीनकडे, जायची वाटही आली. एखादा विषय ताजा असून माहिती भराभर बदलत असेल तर गुगल तशी सूचना लावतं. धड निकालच नसतील तर 2022 पासून कधीकधी तेही कबूल करतं. मला ही कबुली सगळ्यात प्रामाणिक वाटते, पण मोरबेच्या वेळी ती काही दिसली नाही.

आता रागाची गोष्ट. निकालांखाली 'हा दावा खोटा' अशी पडताळणीची पट्टी दिसायची, आठवतंय? ती 2017 मध्ये जगभर आली होती. जून 2025 मध्ये गुगलनं ती सर्चच्या पानावरून काढायचं जाहीर केलं. फारशी वापरात नाही, हे कारण. पडताळणीचे लेख आहेत, त्यांना शोधणारं 'फॅक्ट चेक एक्सप्लोरर' हे वेगळं पानही आहे. पण ज्याला त्या पट्टीची सगळ्यात जास्त गरज होती, तो माणूस वेगळ्या पानावर कशाला जाईल?

तरीही मराठीत गुगलला तोड नाही. फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर या पडताळणी करणाऱ्या दोन्ही साइटची मराठी पानं आहेत आणि मी मराठीत विचारलेल्या प्रश्नांना ती सगळ्यात लवकर गुगलवरच सापडली. त्या कात्रणाचा फोटो लेन्समध्ये, म्हणजे गुगलच्या फोटोवरून शोधायच्या सोयीत टाकला, तर मूळ बातमी तारखेसकट मिळाली. काकांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली आणि म्हणाले, "म्हणजे पाणी तेव्हा बंद होतं. खोटी नाहीये बातमी, शिळी आहे."

बिंग आणि डकडकगो

हे दोन मी एकत्र घेतोय, कारण डकडकगोचे नेहमीचे निकाल मुख्यतः बिंगकडून येतात. 23 मे 2024 ला बिंग कोसळलं तेव्हा डकडकगोही बसलं होतं. खाजगीपणात दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण खोट्या माहितीपुरतं बोलायचं तर स्वयंपाकघर एकच.

बिंगनं पडताळणीची पट्टी 2017 मध्येच आणली होती. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनं आरटी आणि स्पुटनिक या रशियन सरकारी माध्यमांना बिंगमध्ये खाली ढकललं. त्याच सुमारास डकडकगोचे संस्थापक गॅब्रिएल वाइनबर्ग यांनी रशियन अपप्रचाराशी जोडलेल्या साइट खाली जातील असं जाहीर केलं आणि त्यांच्याच चाहत्यांनी त्यांना धारेवर धरलं. 'कुणी हात न लावलेले निकाल' मिळतात म्हणून लोक तिथे गेले होते ना! पण हात न लावलेली क्रमवारी कुठेच नसते. काहीतरी वर ठेवायचं म्हटलं की कुणीतरी निवड केलेलीच असते.

मराठीत मात्र दोघंही कच्चे. देवनागरीत विचारलं की हिंदी पानं मधे घुसतात. पाण्याच्या प्रश्नाला मला दुसऱ्याच शहरातली कपात दाखवली. इंग्रजीत विचारणाऱ्याला ही अडचण फारशी जाणवणार नाही.

डकडकगोची एक गोष्ट मला मनापासून आवडली: एआयची उत्तरं बंद करता येतात. मे 2024 मध्ये गुगलच्या एआय सारांशानं पिझ्झ्यावरचं चीज नीट बसावं म्हणून सॉसमध्ये गोंद घालायला सांगितलं होतं. रेडिट या गप्पांच्या साइटवरच्या कुणाच्या तरी जुन्या थट्टेवरून त्यानं ते उचललं होतं. रिकाम्या जागेत जे सापडलं तेच ठामपणे सांगितलं. काकांची चूक यंत्रानं केली, इतकंच. गुगलमध्ये सारांश टाळायचा तर निकालांवरच्या पट्टीतलं 'वेब' दाबावं लागतं. दर वेळी.

ब्रेव्ह

2021 मध्ये आलेलं, आणि 2023 पासून बिंगच्या कुबड्या टाकून पूर्णपणे स्वतःच्या यादीवर चालणारं. याच्या 'गॉगल्स' सोयीत आपले नियम आपण लावायचे: ही साइट खाली, ती वर, अमुक दाखवूच नको. मी घरी वापरतो. केंद्रात नको, कारण चष्मा खोटं गाळायचा असेल तसाच खरं गाळायचाही असू शकतो आणि तो कुणी बनवलाय हे बघत बसायला सगळ्यांना जमणार नाही. मराठीत तर त्याची यादी फारच विरळ लागली.

युरोपात गुगल सर्च आणि बिंग या दोघांनाही 2023 पासून डिजिटल सेवा कायद्याखाली आपल्यामुळे पसरणाऱ्या धोक्यांचा हिशेब द्यावा लागतो. नेरुळमधून केलेल्या शोधाला तो लागू नाही, त्यामुळे मी निवडीत तो धरला नाही.

तर लावून काय दिलं? दाराजवळच्या संगणकावर गुगल. मराठीत विचारणाऱ्यांसाठी दुसरा पर्याय मला दिसला नाही. बुकमार्कमध्ये फॅक्ट चेक एक्सप्लोरर, महापालिकेची साइट आणि दोन्ही मराठी पडताळणीची पानं. खिडकीजवळच्या संगणकावर डकडकगो, एआय बंद करून. तिथे बसणारे निवृत्त प्राध्यापक इंग्रजीतच शोधतात आणि औषधांची नावं टाकली की दिवसभर त्याच जाहिराती मागे लागतात म्हणून वैतागलेले असतात.

पहिल्याच दिवशी काकांनी दाराजवळचा संगणक धरला. मेसेजमधले शब्द जसेच्या तसे टाकणार होते, मी थांबवलं. त्यांनी 'नवी मुंबई पाणीपुरवठा बंद' एवढंच लिहिलं, मग टूल्समध्ये जाऊन गेला आठवडा निवडला. वर एका विभागाच्या दुरुस्तीची बातमी आली. काकांनी आधी तारीख पाहिली, मग नोडचं, म्हणजे नवी मुंबईतल्या उपनगराचं नाव.

"आपला नाही," म्हणाले, आणि फोन खिशात ठेवला.